बेसी स्मिथ यांच्या मृत्यूची खरी हकिगत
‘ब्लूजची सम्राज्ञी’ (ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गायनशैली) म्हणून गाजलेल्या गायिका बेसी स्मिथ यांना अपघातानंतर गोऱ्यांच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही आणि म्हणून त्या रक्तस्रावाने मरण पावल्या, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ती खरी नाही.

२६ सप्टेंबर १९३७ रोजी पहाटेच्या अंधारात मिसिसिपीतील हायवे ६१ वर त्यांची मोटार एका ट्रकवर आदळली. योगायोगाने तेथे पोहोचलेले मेम्फिसचे शल्यविशारद डॉ. ह्यू स्मिथ यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार बेसी यांचा उजवा हात कोपरापाशी जवळजवळ तुटला होता आणि शरीराच्या आतही गंभीर इजा झाली होती. त्यांना क्लार्क्सडेल येथील कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेण्यात आले. तेथे हात कापावा लागला, पण शुद्धीवर न येता त्याच सकाळी त्यांचे निधन झाले. गोऱ्यांच्या रुग्णालयात त्यांना नेलेच नव्हते.

ही अफवा पसरली ती जॉन हॅमंड यांनी ‘डाउन बीट’ नियतकालिकात ऐकीव माहितीवर लिहिलेल्या लेखामुळे; याच हॅमंड यांनी १९३३ मध्ये बेसी यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण करवून घेतले होते. मात्र या खुलाशाने त्या काळच्या वर्णभेदाचे पाप धुतले जात नाही: डॉ. स्मिथ यांच्याच म्हणण्याप्रमाणे, त्या भागात कृष्णवर्णीय रुग्णाला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेण्याचा विचारही कोणा रुग्णवाहिका चालकाच्या मनात आला नसता.

१९२३ पासून ज्यांच्या तबकड्या लाखोंनी खपल्या, त्या गायिकेच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो थेट १९७० मध्ये.