पुढून ओढणारी कार आणि मागून ढकलणारी पिकअप

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोहून आय-८० हायवेने टाहो सरोवराकडे निघालं की बर्फाच्या दिवसांत रस्त्याकडेला चेन कंट्रोलची, म्हणजे पकडीसाठी चाकांना साखळ्या लावण्याच्या सक्तीची, पाटी लागते. त्या सक्तीची आर-२ ही पातळी लागू असेल तर सगळ्यांनी चाकांना चेन लावायच्या; सूट फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना. म्हणजे पाटीच्या लेखी टू-व्हील-ड्राइव्ह कार आणि टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप एकच. गल्लत इथेच होते. "इतकी वर्षं कार घेऊन टाहोला जातोय, पिकअपपण टू-व्हीलच आहे, मग फरक काय पडतो?" हे मी सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. डॉनर खिंडीजवळच्या सेंट्रल सिएरा स्नो लॅबमध्ये २०२२-२३ च्या हंगामात ७५४ इंच बर्फाची नोंद झाली होती. अशा घाटात "फरक काय पडतो" याचं उत्तर निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

कार तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तिच्याबद्दल दोनच वाक्यं. इंजिन पुढे आणि ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे गाडीचा सगळ्यात जड भाग नेमका ओढणाऱ्या चाकांवर बसतो. जास्त वेगात वळलात तर ती वळायचं सोडून सरळ जाते, आणि पाय काढून वेग उतरू दिला की बहुधा पुन्हा वळू लागते.

पिकअपमध्येही इंजिन पुढेच असतं. रिकाम्या पिकअपचं जवळजवळ ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. पण ताकद जाते मागच्या चाकांना, आणि त्यांच्यावर असतो रिकामा हौदा. काम ज्यांनी करायचं, त्यांच्यावरच भार कमी. म्हणून सपाट पार्किंगमध्ये दोन इंच बर्फावरही मागचं चाक जागच्या जागी फिरत बसतं. यावर उपाय जुना आणि खरा आहे: हौद्यात वाळूची पोती, शंभर-दीडशे किलोची. पण ती ठेवायची मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. फाळक्याला टेकवून ठेवलेली पोती बघितली की माझा जीव तुटतो. अ‍ॅक्सलच्या मागे गेलेलं वजन पुढचा भाग उचलतं, आणि पुढची चाकं तर स्टिअरिंगची आहेत. शिवाय पोती बांधा. सुटी पोती ब्रेक लागला की हौदाभर सरकतात. अडकलात तर हीच वाळू चाकाखाली टाकता येते; "हौद्यात बर्फच भरून घेऊ" म्हणणाऱ्यांना ही सोय नाही.

इथपर्यंतचं बहुतेकांना कळतं. खरा घोळ पुढे आहे, आणि तो चेन लावल्यानंतर सुरू होतो.

चेन लावायच्या त्या ताकद जाणाऱ्या चाकांना: कारच्या पुढच्या, पिकअपच्या मागच्या. पुढच्या चाकांना चेन लावून मागची चाकं फिरवत बसलेला पिकअपवाला मी घाटात दोनदा पाहिलाय. तो बिचारा कारच्या सवयीने वागत होता. पण बरोबर चाकांना चेन लावल्यावर जे होतं ते कुणी सांगत नाही: दोन्ही गाड्यांचे स्वभाव उलटतात.

चेन नसताना कार घसरली तर बहुधा नाकाने सरळ जाते आणि पिकअपची शेपूट बाहेर फिरते. चेन लावल्या की कारचं नाक घट्ट धरतं आणि उघड्या राहिलेल्या मागच्या चाकांमुळे उताराच्या वळणावर तिची शेपूट फिरू शकते. पिकअपचं उलट. मागची चाकं आता बर्फात रुतून ढकलतात आणि पुढची, म्हणजे वळवणारी चाकं, उघडीच राहतात. चढावर ती इतकी छान चढते की चालकाला वाटतं, झालं काम. मग माथा ओलांडून, उदाहरणार्थ टाहोला जाणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर, हायवे ५० वर, एको समिटवरून मायर्सकडे उतरायला लागलं, पहिल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, की गाडी सरळच जाते. मागच्या चेन तिला मागून ढकलत असतात आणि पुढे धरायला काहीच नसतं. ब्रेक मारावा, तर कुठल्याही गाडीत ब्रेकचं बहुतांश काम पुढचीच चाकं करतात, आणि तीच उघडी. चढताना आलेला विश्वास उतरताना कामाचा नाही, कारण उतरताना दुसरीच चाकं कामाला लागतात.

यातच आपल्या घाटातला नियम येतो. खंडाळ्यात, आंबोलीत गाडी शिकलेल्या प्रत्येकाला सांगितलेलं असतं: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. नियम सोन्यासारखा आहे. पण पिकअपमध्ये इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागे चेन असतील तर याहून चांगला ब्रेक नाही, कारण जोर नेमका धरून ठेवणाऱ्या चाकांवर पडतो; अशा वेळी मी ब्रेकपेक्षा गिअरवरच उतरतो. मागे चेन नसतील आणि तुम्ही उतारावर मध्येच गिअर खाली ओढलात, तर हलकी पडलेली मागची चाकं क्षणभर रस्ता सोडतात आणि शेपूट पुढे यायला बघते. उतारावर भार आधीच पुढे सरकलेला असतो, त्यामुळे ही चूक कारपेक्षा पिकअपला महाग पडते. म्हणून खालचा गिअर टाकायचा तो माथ्यावर, गाडी जवळजवळ थांबलेली असताना. ऑटोमॅटिकमध्येही तसंच: सिलेक्टर आधीच खाली घ्या, उतारावर त्याच्याशी खेळू नका.

शेपूट फिरलीच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडेच न्या. पुढून ओढणाऱ्या कारमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी सरळ ओढून घेणारे लोक आहेत. पिकअपमध्ये ही युक्ती शेपूट आणखी फिरवते. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, ते यात बरीच मदत करतं. त्याआधीची स्वस्तात मिळालेली पिकअप असेल तर ते आहे का हे आधी बघा. नव्वदच्या दशकातल्या अनेक पिकअपना एबीएससुद्धा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) फक्त मागच्या चाकांना असायचं, म्हणजे पुढची चाकं ब्रेकने अडकून स्टिअरिंग निकामी व्हायची शक्यता उरतेच.

टायरबद्दल थोडक्यात. बाजूवर नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर कॅलिफोर्नियाच्या नियमाला चालतो, पण तो शिक्का नक्षीवरून कंपनी स्वतःच मारते. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. आणि ते चारही चाकांना. पैसे वाचवायला फक्त मागे विंटर टायर घालणं म्हणजे वर सांगितलेला चेनचा घोळ हंगामभर अंगावर बाळगणं. फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली की प्रश्न सुटला असं म्हणणाऱ्यांना इतकंच, की तिनेही थांबायचं ते चार टायरांवरच.

माझ्या पिकअपमध्ये चेनच्या दोन जोड्या असतात. पुढच्या चाकांना चेन बसेल का हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून घेतलंय, कारण काही गाड्यांत तिथे जागाच नसते. चढताना मागची जोडी. माथ्यावर सुरक्षित जागी थांबून ती पुन्हा ताणून घेतो आणि पुढची जोडी लावतो. पंधरा मिनिटं जातात, हात गोठतात. चेन असताना तिथली वेगमर्यादा ताशी २५ ते ३० मैल असते. उतारावर मी त्याच्याही खाली राहतो, मागचा कितीही हॉर्न वाजवो. हौदा रिकामा असेल आणि आर-२ लागला असेल, तर आय-८० वर घाटाखालच्या कोलफॅक्स गावालाच थांबून चहा घेतो आणि रस्ता साफ व्हायची वाट बघतो.