बंदुकीची दारू तिजोरीत का ठेवू नये?

बंदुकीची दारू घरात ठेवायचीच तर जाड पोलादी तिजोरीत, घट्ट बंद करून, असे बहुतेकांना वाटते. अमेरिकेत अनेक नेमबाज घरीच काडतुसे भरतात आणि तिथले नियम नेमके उलटे सांगतात. तिथल्या अनेक राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार राहत्या घरात 20 पौंडांपर्यंत (सुमारे 9 किलो) बिनधुराची दारू, म्हणजे आजच्या काडतुसांत भरतात ती, मूळ डब्यांतच ठेवायची. त्याहून जास्त, 50 पौंडांपर्यंत, असेल तर 1 इंच जाड फळ्यांच्या लाकडी पेटीत. काळ्या दारूला, म्हणजे सोरा-कोळसा-गंधकाच्या जुन्या मिश्रणाला, मर्यादा 20 पौंडांचीच. संघराज्याचा कायदा जुन्या धाटणीच्या बंदुकांसाठी 50 पौंड काळी दारू बाळगू देतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. स्थानिक नियम कडक असेल तर तोही पाळावाच लागतो. (भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार काडतुसे बाळगायलाच परवाना लागतो.)

लाकूडच का? बिनधुराची दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. 1884 मध्ये ती तयार करणाऱ्या पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने ज्वलनाचा नियम ओळखला जातो: दाण्याच्या पृष्ठभागावरून ज्वलन आत सरकण्याचा वेग दाबाच्या एका घातानुसार वाढतो, आणि या दारूसाठी तो घातांक साधारण 0.8 ते 1 असतो. 0.9 धरून हिशेब करा. रायफलीच्या कक्षात, म्हणजे काडतूस बसते तिथे, दाब 4,000 वातावरणांच्या घरात जातो, तेव्हा वेग उघड्यावरच्या सुमारे 1,700 पट होतो. जळण्यातून वायू, वायूमुळे दाब, दाबामुळे अधिक वेगाने जळणे, हे चक्र बंदिस्त जागेतच फिरते. उघड्यावर चमचाभर दारू पिवळ्या ज्वाळेने भुर्रकन जळते, स्फोट होत नाही. कारखान्याचा डबा मुद्दाम कमकुवत असतो. थोड्या दाबातच फाटतो आणि चक्र तुटते. लाकडी पेटी बाहेरच्या आगीची उष्णता बराच वेळ थोपवते, पण आतून दाब आला तर सांध्यांत उघडते. तिजोरी दाब धरून ठेवते. म्हणजे आपणच बॉम्बचे कवच पुरवलेले असते.

काळ्या दारूत (75 टक्के सोरा, 15 कोळसा, 10 गंधक) दाबाचा परिणाम कमी, पण ठिणगीने ती झटकन पेटते आणि ज्वाळा दाण्यांमधून धावते. उघड्यावरही ढीग धोकादायकच.

प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या, ठोक्याने पेटणाऱ्या टिकल्या, 10,000 पर्यंत चालतात, तेही मूळ खोक्यातच. त्यात प्रत्येकाला वेगळा कप्पा असतो. बाटलीत ओतून ठेवले तर एक उडाला की सगळे उडतात.

सिनेमात जळत्या घरातून गोळ्या सुसाटतात, ते खोटे आहे. नळीबाहेर काडतूस तापले की पितळी पुंगळी फाटते. जड गोळी फारशी हलत नाही, पुंगळीचे हलके तुकडे आणि प्रायमर मात्र उडतात. डोळे त्यांच्यापासून जपायचे.

आगीखेरीज वयही पाहा. नायट्रोसेल्युलोज विघटित होताना नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, त्यांच्या आम्लाने विघटन आणखी वाढते. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात 1907 मध्ये ‘येना’ आणि 1911 मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका उडाल्या, त्यासाठी अशीच बिघडलेली दारू जबाबदार धरली गेली. आज डायफेनिलअमाइनसारखी स्थिरके ती आम्ले शोषतात, पण ती संपतात, उष्णतेत लवकर. चांगल्या दारूला द्रावकाचा वास येतो. डबा उघडताच आंबट, झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ आली तर तो वापरू नये, पुन्हा घट्ट बंद करून ठेवू नये. अग्निशमन दलाला कळवावे.