ध चा मा आणि 'ते खरंच असं बोलले का?'

एखादा नेता हिंसेबद्दल काहीतरी भयंकर बोलला अशी क्लिप फिरायला लागली की दोन गट पडतात, एक म्हणतो बघा खरा चेहरा, दुसरा म्हणतो वक्तव्याचा विपर्यास केला. हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. मराठीत तर यासाठी तीन अक्षरांचा वाक्प्रचारच आहे, ध चा मा.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, राघोबादादांच्या हुकमात 'धरावे' होतं आणि आनंदीबाईंनी ध चा मा करून 'मारावे' केलं. गंमत म्हणजे या कथेचा सगळा भार एका कागदावर आहे आणि नेमका तोच कागद पुढे आलेला नाही, त्यामुळे आनंदीबाईंवरच्या या आरोपाकडे बरेच अभ्यासक संशयानेच बघतात. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबांना. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं, तर एका अक्षराची करामत, म्हणजे काकाचं पाप अर्धंअधिक काकूच्या पदरात. एखादं वक्तव्य कोणाच्या सोयीचं आहे हा प्रश्न तिथूनच विचारायला हवा होता असं मला वाटतं.

इंग्लंडमध्ये याच्या सहाशे वर्षं आधी असंच झालं. राजा दुसरा हेन्री चिडून म्हणाला की या उपद्व्यापी पाद्र्यापासून मला कोणी सोडवणार आहे की नाही, चार सरदारांनी ते मनावर घेतलं आणि २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या चर्चमध्ये तिथल्या आर्चबिशपला, थॉमस बेकेटला, ठार केलं. पण हे वाक्य त्या काळच्या लिखाणात या रूपात सापडतच नाही. एडवर्ड ग्रिम हा खुनाच्या वेळी तिथे हजर होता, त्याच्या नोंदीतला राजा वेगळंच काहीतरी बडबडतो, की मी घरात कसले नालायक आणि गद्दार पोसलेत जे आपल्या धन्याचा एका हलक्या कुळातल्या पाद्र्याकडून अपमान होऊ देतात. आता नीट बघा, यात मारा असं कुठेच नाही, आणि ग्रिम तरी राजासमोर कुठे होता, तो कँटरबरीत आणि राजा समुद्रापलीकडे नॉर्मंडीत. आपल्याला माहीत असलेलं सुटसुटीत वाक्य शेकडो वर्षांनंतर घासूनपुसून तयार झालेलं आहे.

हे घासणं-पुसणं म्हणजेच निम्मी भानगड. एक मृत्यू ही शोकांतिका, लाखो मृत्यू ही आकडेवारी, हे स्टालिनच्या नावावर इतक्या ठिकाणी छापलंय की शंकाच येत नाही, पण तो हे कधी कुठे बोलला याचा भक्कम पुरावा नाही. १९४७ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राच्या सदरात ते त्याच्या नावाने आलं, आणि त्याच्याही आधी कुर्ट टुखोल्स्की या जर्मन लेखकाने जवळपास हेच एका फ्रेंच मुत्सद्द्याच्या तोंडी घातलं होतं. स्टालिनला शोभतं म्हणून चिकटलं, बस. उलट माओचं बंदुकीच्या नळीतून सत्ता हे अगदी खरं आहे, १९२७ मध्ये पक्षाच्या बैठकीत आणि परत १९३८ च्या भाषणात. स्वातंत्र्याच्या झाडाला अधूनमधून देशभक्तांचं आणि जुलमी राज्यकर्त्यांचं रक्त लागतं, हेही पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने खरंच लिहिलंय, १३ नोव्हेंबर १७८७ च्या पत्रात. म्हणजे भयंकर वाटतं म्हणून खोटंच असेल असंही धरून चालता येत नाही.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण राजीव गांधींचं, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरचं. 'जब भी कोई बड़ा पेड़ गिरता है, तो धरती थोड़ी हिलती है'. हे ते बोललेत, व्हिडिओ आहे, वाद संपला. पण कधी बोलले हे बघायला गेलं की दर दुसरी पोस्ट गडबडते. भाषण १९ नोव्हेंबर १९८४ चं, दिल्लीच्या बोट क्लबवरचं, आणि शिखांचं हत्याकांड नोव्हेंबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत झालेलं, सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मेली. त्यामुळे या वाक्याने दंगल भडकवली हा दावा तारखेतच पडतो. मात्र इतकी माणसं मेल्यावर पंतप्रधानाने असं बोलावं हा आरोप तसाच उभा राहतो, उलट 'थोड़ी' हा शब्द, जो उद्धृत करताना बऱ्याचदा गळतो, तो परत घातला की वाक्य जास्तच टोचतं.

२००२ च्या गुजरात दंगलीचंही तसंच गुंतागुंतीचं. मोदींनी क्रियेला प्रतिक्रिया हा न्यूटनचा नियम सांगितला असं छापून आलं, मोदींनी ते नाकारलं. झी टीव्हीच्या मुलाखतीतलं जे वाक्य नोंदवलं गेलंय त्यात क्रिया-प्रतिक्रियेची साखळी चालू आहे असं आहे, आणि लगेच पुढे आम्हाला ना क्रिया हवी ना प्रतिक्रिया. विरोधक पहिला अर्धा सांगतात, समर्थक दुसरा. पूर्ण वाक्य समोर ठेवलं तरी भांडण मिटत नाहीच, पण निदान कशावर भांडतोय ते कळतं.

रेकॉर्डिंग आलं की हे सगळं थांबेल असं वाटलं होतं. मग बीबीसीने ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणाचे दोन तुकडे असे जोडले की आपण कॅपिटलवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, जाऊ आणि जीव तोडून लढू हे सलग बोलल्यासारखं दिसलं, प्रत्यक्षात दोन्हींमध्ये ५० मिनिटांहून जास्त अंतर होतं, शिवाय शांततेने जा असंही ते म्हणाले होते ते कापलं गेलं. प्रत्येक शब्द त्यांचाच, आवाज त्यांचाच, क्रम एडिटरचा. या वादात नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही यांनी राजीनामा जाहीर केला. म्हणून तपासणारे लोक आता क्लिप बघतच नाहीत म्हणा ना, आधी अख्खं भाषण शोधतात, सगळ्यात जुनी कॉपी कोणाची ते बघतात, भाषांतर असेल तर मूळ भाषेत ऐकतात.

आणि जिथे अख्खं भाषणच नाही तिथे? नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनचे महापौर सादिक खान यांचा एक ऑडिओ फिरला, त्यात ते युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनाला हिणवत होते, पॅलेस्टाइनच्या मोर्चाला जास्त महत्त्व देत होते, आधीच तापलेल्या शहरात. एआयने बनवलेला होता. यामुळे रस्त्यावर मोठा गोंधळ होता होता राहिला असं खान नंतर म्हणाले. पोलिसांनी तो ऑडिओ तपासला आणि सांगितलं, यात गुन्हा होत नाही.