हुरडा: ज्वारी मागे सरली, कणीस पुढे आलं

डिसेंबर लागला की नगर, सोलापूर, बीड, धाराशिव आणि संभाजीनगरच्या रस्त्यांवर पाट्या दिसू लागतात: 'गरमागरम हुरडा', 'गूळभेंडी मिळेल', 'माणशी इतके, जेवणासह'. शनिवार-रविवारी पुण्याकडच्या गाड्या शेताच्या बांधाला लागलेल्या असतात. हे दृश्य इतकं अंगवळणी पडलंय की पूर्वीपासून असंच चालत आलं असेल असं वाटतं. कणीस भाजून खाणं खरोखरच जुनं आहे. ते विकत घेऊन खाणं मात्र अगदी अलीकडचं, आणि या दोन्हींच्या मधे ज्वारीच्या पिकाचं बरंच काही घडून गेलंय.

आधी शब्दांकडे पाहू. कोवळं धान्य आगीवर भाजून खायचं, पण प्रत्येक धान्याला नाव निराळं. ज्वारीचा हुरडा, गव्हाच्या ओंब्या, बाजरीचं निंबूर, हरभऱ्याचा हुळा किंवा हावळा. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात गवताच्या आगीवर भाजलेल्या अर्धपक्व शेंगांना 'होलक' म्हटलंय, आणि तशाच भाजलेल्या जव-गव्हाच्या लोंब्यांना 'उंबी'. हुळा आणि ओंबी हे शब्द कुठून आले असतील ते कानालाच कळतं. अर्धपिकलं धान्य हा तेव्हाही वेगळा खाद्यप्रकार होता, त्याचे गुणदोष वेगळे सांगितले जात. मेजवानीचा मात्र तिथे मागमूस नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हुरडा ही राखणीची सोय. दाणा चिकात आला, म्हणजे दुधाळ झाला, की पाखरांचे थवे उतरतात. ती सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सगळ्यात जास्त नुकसान करतात, कारण दाणा मऊ असतो आणि टरफलातून सहज ओढून काढता येतो. त्यामुळे दिवसभर माळ्यावर गोफण घेऊन उभं राहायचं आणि रानडुकरांसाठी रात्रीही शेतातच झोपायचं. मार्गशीर्ष-पौषाची थंडी, त्यामुळे शेकोटी आलीच. घरची भाकरी यायला उशीर असतो आणि हाताशी कणसं असतात. त्यातून आगटी, म्हणजे कणसं भाजायचा निखाऱ्यांचा खड्डा, झाली. मग शेजारच्या शेतकऱ्याला हाक, पाहुण्याला आवतण. हुरडा विकायची चाल नव्हती. हुरड्याला बोलावणं हा शेतकऱ्याचा मान होता आणि गावातल्या ज्याला शेत नाही त्यालाही चार कणसं मिळत. लातूर-धाराशिव-सोलापूर पट्ट्यात मार्गशीर्ष अमावस्येला वेळा अमावस्या होते. त्या दिवशी कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पूजा मांडतात; भज्जी, आंबील, उंडे असा बेत असतो आणि सारं गाव रानात जेवतं. हुरड्याच्या हंगामातली रानातली पंगत पाहायची असेल तर ती तिथे अजून शाबूत आहे.

हे सगळं घडलं ते रब्बी ज्वारीमुळे. पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, काळ्या जमिनीत, साठलेल्या ओलीवर. पीक पोटरीत येतं, निसवतं (कणीस बाहेर पडतं), फुलोरा येतो आणि डिसेंबरअखेर-जानेवारीत कणीस हुरड्यात येतं. तेव्हा आभाळ कोरडं असतं, हवा गार असते आणि गुळाची गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. बोरं, ऊस, पेरू, ओला हरभरा, संक्रांतीचे तीळ याच दिवसांत हाताशी येतात. हुरड्याबरोबर काय खायचं हे कुणी ठरवलेलं नाही, ते हंगामानेच ठरवलं.

रब्बीत सोलापूरचं मंगळवेढं पहिल्यापासून ज्वारीचं कोठार. दुष्काळात सरकारी धान्यकोठार लोकांना खुलं करून देणारे दामाजीपंत इथलेच, आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण काढला. तो इतका पसरला की रब्बी ज्वारी म्हणजे मालदांडी हे समीकरणच झालं. भाकरीला उत्तम, कडबा उंच आणि गोड. हुरड्याला मात्र ती मध्यम. दाणा चवीला बरा, पण चोळताना टरफल पटकन सुटत नाही. हुरड्याचे खास वाण शेताच्या कडेला, दोन-चार ओळींत, घरापुरते लावायची रीत होती: गूळभेंडी, सुरती, कुचकुची, दूधमोगरा, विदर्भात वाणी. पुढे जे झालं त्याचं बी या कडेच्या ओळींतच आहे.

१९६४ मध्ये 'सीएसएच-१' हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. गावात त्याचं नाव 'हायब्रीड' असंच पडलं. ठेंगणं, लवकर येणारं, भरघोस दाण्याचं खरीप पीक. पण दाणा भरायची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ एकच, त्यामुळे दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. भर पावसात आगटी कोण पेटवणार? शिवाय बुटक्या ताटांचा कडबाही कमीच. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुकानांतून आलेल्या लाल मिलोने, म्हणजे परदेशी लाल ज्वारीने, ज्वारीच्या नावालाच गालबोट लावलं. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाले. खरिपात सोयाबीन घुसलं आणि पाणी आलेल्या पट्ट्यात ऊस. ज्वारी काढणीला माणसं मिळेनात, कारण ताटं उपटायची, कणसं खुडायची, गंजी रचायची ही कामं यंत्राला फारशी जमलेली नाहीत. ज्वारी ताटातून मागे सरत गेली, तसतशी हुरड्याची कणसं शहरातल्या माणसाला नवलाची वाटू लागली. ज्याच्या घरी रोज भाकरी होती त्याला हुरड्यासाठी पैसे मोजायची गरजच नव्हती.

राज्यात कृषी पर्यटनाची सुरुवात २००५ च्या सुमारास बारामतीजवळच्या माळेगावातून झाली. शहरी माणसाला शेतावर दिवसभर ठेवायचं, खायला घालायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे ही कल्पना तेव्हा अनेकांना विचित्र वाटली. थंडीच्या दोन महिन्यांत या केंद्रांना हुरड्याइतकं दुसरं काहीच चालवत नाही. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केलं. त्याआधीच गंगापूर तालुक्यात, संभाजीनगर-नगर रस्त्याच्या कडेला, सुरती हुरड्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारीला पुन्हा शहरी कौतुक मिळालं.

आणि इथे चक्र उलटं फिरलं. पूर्वी ज्वारीच्या शेतातून हुरडा निघे. आता हुरड्यासाठीच ज्वारी पेरली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे खास हुरड्याचे वाण काढले. उत्तरा पेरल्यापासून ९० ते १०० दिवसांत हुरड्यात येतो आणि एका कणसातून भाजल्यावर साधारण ७० ते ९० ग्रॅम दाणा सुटतो. हमीभावाचा हिशोब पाहा: २०२४-२५ साठी मालदांडीचा भाव क्विंटलला ३,४२१ रुपये, म्हणजे किलोला ३४. शहरात हुरडा किलोला २०० च्या पुढे जातो. कच्च्या हुरड्यात निम्म्याच्या आसपास पाणी असतं हे धरूनही फरक भलताच आहे. वर राखणीचे दोन-तीन आठवडे कमी, मळणी नाही, आणि ताटं हिरवी असताना तोडली की तो चारा पिकलेल्या कडब्यापेक्षा सकस. अट एकच: दाणा हुरड्यात असतो जेमतेम आठ-दहा दिवस, तेवढ्यात गिऱ्हाईक दारात हवं. म्हणून जाणते शेतकरी एकदम पेरत नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं टाकतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा प्रत्येक रविवार भरतो. सुरती तर त्याहूनही आधी पेरून दिवाळीच्या आसपास रस्त्यावर आणतात. थंडी पडायच्या आत आलेला हुरडा खावासा का वाटावा हा प्रश्न आहेच, पण खपतो.

वाण आणि वेळ जमली तरी आगटीत गडबड होते, म्हणून तिची रीत सांगायला हवी. कणीस नेमकं ओळखायचं तर मधल्या भागातला दाणा नखाने दाबायचा. पांढरं दूध उडालं तर अजून चिकात आहे. भाजल्यावर तो चिपटा होतो, तोंडात नुसतं टरफल येतं. दाबल्यावर ओल्या कणकेसारखा पसरला आणि दूध आलं नाही, तर तोच हुरडा. नख उमटतं पण आत शिरत नाही, तर वेळ गेली. आता भाकरीचीच वाट पाहायची. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं, त्यामुळे शेंड्याचे दाणे नेहमी दोन पावलं पुढे असतात. फक्त शेंडा पाहून तोडलेलं कणीस खाली कोवळंच निघतं. तोडल्यावर दाण्यातल्या साखरेचा गोडवा तासागणिक उतरतो. सकाळी तोडलेलं कणीस दुपारपर्यंत संपवावं. आदल्या दिवशी तोडून पोत्यात भरलेल्या कणसाला गूळभेंडीही वाचवत नाही.

आगटीसाठी जमिनीत दीड-दोन फूट रुंद, वीतभर खोल खड्डा करतात आणि त्यात वाळलेल्या गोवऱ्या रचून पेटवतात. शेणीच हव्यात, कारण त्यांचा निखारा मंद, एकसारखा आणि बराच वेळ टिकणारा. बाभळीचं लाकूड भडकतं. कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. ओल्या गोवऱ्यांचा धूर दाण्यात बसतो. पेटवायला रॉकेल वापरलं तर सगळा हुरडा वासानेच गेला. ज्वाळा पूर्ण बसून वर राखेची साय आली की कणसं दांड्याला धरून राखेत तिरपी खुपसायची, दांडे बाहेर ठेवायचे आणि मधून मधून फिरवायची. पाचेक मिनिटांत हिरवं टरफल पिवळट-तपकिरी होतं आणि दाणा हलकासा तडतडतो. एका वेळी आठ-दहा कणसांपेक्षा जास्त घातली तर निखारा थंडावतो आणि कणीस भाजण्याऐवजी वाफेवर शिजतं. तो हुरडा चिकट लागतो.

मग कणीस झटकून राख काढायची आणि गरम असतानाच तळहातावर किंवा गोणपाटाच्या तुकड्यात चोळायचं. गूळभेंडीचा गोल, टपोरा दाणा इथे नाव राखतो: टरफल तिथेच राहतं आणि दाणा सुटून खाली पडतो. चोळलेलं सुपात पाखडून लगेच ताटलीत. थंड झाला की दाणा चामट होतो, म्हणून चोळणारा आणि खाणारा यांच्यात अंतर नको. मोठ्या केंद्रांवर आधी चोळून झाकून ठेवलेला हुरडा वाढतात. तिथे माणसांची गैरसोय टळते पण चव जाते. माणशी चार-पाच कणसं पुरतात. पाव किलोहून अधिक हुरडा पोटाला जडच. सोबत सोलापुरी शेंगाचटणी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, गूळ, दही, गोडी शेव, रेवड्या. वर ताक घ्यावं. खूप हुरडा खाऊन लगेच गटागटा गार पाणी पिऊ नये असं जुनी माणसं सांगतात.

हुरड्यासाठी पेरलेल्या शेतात फवारणीचा प्रश्न नव्याने आला. मक्यावरची लष्करी अळी २०१८ पासून आपल्याकडे आली आणि ती ज्वारीलाही लागते. माव्यामुळे पानांवर चिकटा पडतो तो वेगळाच. धान्यासाठीच्या ज्वारीत फवारणीनंतर काढणीला अवकाश असतो, हुरड्यात तो नसतो. कणीस दोन दिवसांनी थेट तोंडात जातं. निसवल्यानंतर रासायनिक फवारा घेतलेलाच नाही असा प्लॉट हुरड्यासाठी वेगळा राखणं हाच त्यावरचा खरा उपाय. विकत घेणाऱ्याने दर विचारण्याआधी हे विचारावं.

आणखी एक गोष्ट जुन्या राखणदारांना ठाऊक होती, नव्या केंद्रचालकांना कधी कधी महागात पडते. ताटं कापल्यावर जमिनीत ओल असेल तर बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. त्यात सायनाइडचा अंश भरपूर असतो. उभ्या पिकलेल्या ताटात तो फारसा राहिलेला नसतो, म्हणून आठवड्यापूर्वी तोच चारा निर्धास्त खाल्लेली जनावरं पुन्हा त्याच रानात सोडली जातात, हिरवे फुटवे खातात आणि तासाभरात पोट फुगून, श्वास लागून आडवी होतात. पाहुण्यांसाठी बैलगाडी ठेवलेल्या ठिकाणी तर बैल मोकळे सोडायला हेच रान जवळ असतं. हुरडा संपलेल्या प्लॉटमध्ये लगेच नांगर घालावा, नाहीतर फुटवे कमरेएवढे होईपर्यंत तिथे दावणीचं जनावर नेऊ नये.