कंपवातातील चाल आणि विद्युत-उत्तेजन

कंपवात म्हणजे पार्किन्सन आजार. त्यात बिघडलेली चाल सुधारावी म्हणून मेंदू, मज्जारज्जू किंवा एखाद्या मज्जातंतूला सौम्य विजेचे स्पंद देण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया आता रुळलेली आहे. बाकीच्या बहुतेक अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या घरांत या उपचाराची चौकशी बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते: करंट दिल्यावर आप्पा पुन्हा चालतील काय? हाताच्या कंपाबद्दल याचे उत्तर बरेचसे आशादायक आहे. चालण्याबद्दल मात्र ते रुग्णागणिक बदलते, आणि खर्चात पडण्यापूर्वी हा फरक घरच्यांना कोणीतरी नीट समजावून सांगायला हवा.

आजाराचे सविस्तर वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 मध्ये केले. मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन हे हालचालींचे निरोप पोचवणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, अनेकांचा हात कापतो. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य; त्याच्या गोळ्या ही आजही मुख्य औषधयोजना आहे. खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य नैसर्गिकरीत्या असते, पण चूर्णातले प्रमाण दर वेळी सारखे नसते. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता ते घेणे धोक्याचे आहे.

चालीचा बिघाड आधी दुसऱ्याच्या नजरेत येतो. एक हात हलेनासा होतो, पाऊल आखूड पडते, चप्पल घासू लागते. पुढे काही रुग्णांचे पाय मध्येच थिजतात. वृद्ध माणूस सोप्यातून माजघराकडे निघतो, उंबऱ्याशी येतो आणि पाऊल उचलतच नाही. वरचे अंग पुढे झुकते, पाय जागच्या जागी थरथरतात. वळताना, दारातून जाताना, कोणी हाक मारली की हे हमखास होते. मागून कोणी घाई केली तर तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. या थिजण्यामागे फक्त डोपामिनची कमतरता नाही. मेंदूच्या देठातली, चाल आणि तोल सांभाळणारी इतर केंद्रेही खराब झालेली असतात. म्हणून गोळीने हात मोकळा झाला तरी पाय मोकळे होतीलच असे नाही.

मेंदूत खोलवर उत्तेजन देण्याची आजची पद्धत फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 पासून विकसित केली. कवटीला बारीक भोक पाडून इलेक्ट्रोड आत नेतात, छातीच्या कातडीखाली बॅटरीची डबी बसवतात आणि सेकंदाला साधारण 130 स्पंद देतात. निवडीचा नियम असा: लेव्होडोपाने जे सुधारते तेच या शस्त्रक्रियेने सुधारते, कंप हा त्याला मोठा अपवाद. गोळीचा असर असताना माणूस बरा चालत असेल आणि असर उतरल्यावर पाय थिजत असतील, तर फायद्याची शक्यता चांगली. असर पूर्ण असतानाही पाय थिजत असतील, तर चालीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असेच बहुतेक तज्ज्ञ सांगतील. काहींना स्पंद 60 पर्यंत उतरवल्यावर चालणे सोपे जाते, पण कंप परत डोके वर काढू शकतो.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला उत्तेजन देण्याची कल्पना वेदनाशमनातून आली. 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात त्याने हालचाल सुधारल्याचे दिसले. कॅनडातील मंदार जोग यांच्या गटाने 2018 मध्ये पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावले लांब पडू लागली आणि थिजण्याचे प्रसंग कमी झाले. 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी पायांच्या स्नायूंशी निगडित मज्जारज्जूच्या भागाला, चालीच्या लयीनुसार स्पंद देणारे यंत्र एका रुग्णात बसवले, आणि त्याची चाल लक्षणीय सुधारली. बातम्या जगभर झाल्या. पण तो रुग्ण एकच होता हे विसरून चालणार नाही. या आजारात नुसत्या अपेक्षेनेही काही काळ सुधारणा दिसते, म्हणून खोट्या उत्तेजनाशी (यंत्र लावलेले, पण करंट बंद) तुलना केलेले मोठे अभ्यास होईपर्यंत हा नेहमीचा उपचार ठरत नाही.

मानेतून जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा मार्ग बिनशस्त्रक्रियेचा आहे. हातात मावणारे यंत्र मानेला लावून थोडी मिनिटे स्पंद देतात. कोलकात्यातील न्यूरॉलॉजिस्टांनी 2019 मध्ये छोट्या गटात चालीत आणि थिजण्यात सुधारणा नोंदवली. पायाच्या पोटरीवर पट्टा बांधून पाऊल उचलणाऱ्या मज्जातंतूला उत्तेजन देण्याचेही प्रयोग झाले आहेत. तालुक्याच्या गावात गुडघेदुखीसाठी जे करंटचे मशीन लावतात, ते यांपैकी काहीच नव्हे. त्याने कंपवाताची चाल सुधारते असे कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नयेत.

विजेशिवायही चालीला चालना देता येते, आणि इथे सीमाभागातल्या घरांत साधने आयतीच आहेत. जमिनीवर आडव्या रेषा दिसल्या की थिजलेला पाय उचलला जातो. शहाबादी फरशीचे सांधे त्या कामी येतात, नसतील तर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. ताल ऐकू आला की पाय त्या मापात पडतात. पंढरीची वारी केलेल्या माणसाला टाळाचा ठेका अंगवळणी पडलेला असतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने माजी सैनिकही पुष्कळ. त्यांना कवायतीची मोजणी पुरते. फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घेतले तर रोज वापरता येते. शस्त्रक्रिया झालेल्यांनाही याची गरज राहतेच.

मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी इथले रुग्ण बंगळूरच्या निम्हान्ससारख्या, मेंदू आणि मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या संस्थेकडे किंवा पुणे-मुंबईला जातात. खर्च काही लाखांत जातो, आणि ऑपरेशननंतर स्पंदांची जुळणी करायला पुन:पुन्हा खेपा पडतात. त्या हिशेबात धरल्याशिवाय निर्णय घेऊ नये. गोळीने चाल किती सुधारते हे पाहणाऱ्या निवडीच्या चाचणीसाठी साधारण बारा तास गोळी बंद ठेवून मग दिली जाते. रात्रीच्या बसने गोळीविना प्रवास केला तर वाटेत हाल होतात, म्हणून आदल्या दिवशी पोचून, डॉक्टरांनी सांगितल्या वेळेपासून तिथेच गोळी थांबवावी. दवाखान्याच्या मोकळ्या व्हरांड्यात पाय थिजतच नाहीत असे अनेकदा घडते. घरच्या उंबऱ्याशी काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ, गोळीच्या आधीचा आणि नंतरचा, सोबत न्यावा. फक्त मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्याची अडचण कन्नड किंवा इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरला त्यातून नेमकी कळते.

मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्या माणसाने शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या विद्युतचुंबकीय लहरींनी आतून दिला जाणारा, शेक कुठल्याही भागावर, गुडघ्यावरही, घ्यायचा नाही. इलेक्ट्रोड तापून मेंदूला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत. एमआरआय काढण्यापूर्वीही यंत्राचा प्रकार तपासावा लागतो. यंत्राचे ओळखपत्र खिशात ठेवावे, आणि गावातल्या फिजिओथेरपी केंद्रात पलंगावर आडवे होण्याआधी ते दाखवावे.