वेगळे होताना घराचा हिशेब कसा मांडावा

आमचे कार्यालय हिशेब लिहिण्याचे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याचे काम करते. आम्ही वकील नाही. तरीही वेगळे व्हायचे ठरल्यावर अनेक जोडपी आधी आमच्याकडे येतात, कारण दोघांचे पगार, ठेवी आणि कर्जे आमच्या फायलीत एकत्रच असतात. त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे.

“आता सगळे निम्मे-निम्मे होईल ना?” हा पहिला प्रश्न असतो आणि महाराष्ट्रात त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ यांत घटस्फोटाबरोबर मालमत्ता समान वाटून देण्याची तरतूद नाही; घर, ठेव किंवा समभाग ज्याच्या नावावर, त्याचेच ते, असे धरूनच बोलणी सुरू होतात. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू असल्याने, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो. गोव्याशी संबंध असलेल्या ग्राहकांनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी, कारण तिथून पुढचे सगळे गणित बदलते.

हप्ता त्याचा, किराणा तिचा

नोकरी करणाऱ्या जोडप्यांत सर्वांत जास्त अन्याय होतो तो एका साध्या सोयीमुळे. समजा, घरकर्जाचा ३८,००० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला पतीच्या खात्यातून जातो. आणि पत्नीच्या पगारातून किराणा, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीची फी, स्कूलव्हॅन आणि सासूबाईंचा मेडिक्लेम असे तेवढेच ३८,००० रुपये खर्च होतात. दहा वर्षांनी दोघांनीही संसारात प्रत्येकी ४५,६०,००० रुपये घातलेले असतात. पण बँकेच्या उताऱ्यावर एकाचे घर दिसते आणि दुसरीच्या वाट्याला किराण्याच्या पावत्याही उरलेल्या नसतात. तिने घरखर्च उचलला नसता तर त्याला हप्ता भरणे जमले नसते, हे दोघांनाही ठाऊक असते, मात्र ते कुठेच लिहिलेले नसते. म्हणून आम्ही हिशेब मांडताना हप्ता आणि घरखर्च शेजारशेजारच्या रकान्यांत लिहितो. यामुळे मालकी आपोआप बदलत नाही. परंतु परस्परसंमतीच्या बोलण्यांत आणि कायमस्वरूपी पोटगीची रक्कम ठरवताना या कागदाला वजन येते. नोकरी न करणाऱ्या गृहिणीचे श्रम मात्र अशा रकान्यांत मावत नाहीत, आणि ते शून्य धरून तयार केलेला हिशेब आम्ही खरा मानत नाही.

असा तक्ता पुढे करावाच लागतो. रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या निर्णयानुसार पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करायचे असते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. ‘पगाराच्या २५ टक्के’ हा नातेवाइकांकडून ऐकू येणारा आकडा २०१७ च्या एका प्रकरणातला आहे. तो सर्वांना लागू पडणारा दर नव्हे.

मधला काळ

परस्परसंमतीच्या अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर साधारणतः आणखी सहा महिने थांबावे लागते. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. या काळात कमाई तेवढीच राहते आणि चुली मात्र दोन होतात. हप्ता, फी आणि विम्याचा हप्ता कोण भरणार हे तारखांसह लिहून दोघांनी सही करावी. संयुक्त खाते दोघांपैकी कोणालाही चालवता येत असेल, तर यापुढे दोघांच्या सहीनेच व्यवहार व्हावेत, असे बँकेला लेखी कळवावे. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या आपसातल्या कराराशी बँकेला देणेघेणे नसते. हप्ता चुकला की सिबिलचा गुण, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, दोघांचाही घसरतो.

दागिने आणि कागद

लग्नाच्या वेळी याद्या होतात, पण वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची यादी ठेवावी असा १९८५ चा नियम आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. स्त्रीधन, म्हणजे तिला मिळालेले दागिने आणि भेटी, ही केवळ पत्नीची मालमत्ता असते. सासरच्या लॉकरमध्ये ठेवल्याने ती सासरची होत नाही. यादी नसेल तर सराफाच्या पावत्या शोधाव्यात, त्याही नसतील तर लग्नाचा अल्बम उघडावा: पाटल्या, तोडे, मोहनमाळ आणि नथ बहुधा मुहूर्ताच्या फोटोत स्पष्ट दिसतात.

घर एकाने दुसऱ्याच्या नावावर करायचे ठरले असेल, तर ते न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी करायचे की नंतर, हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नये. राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्काची मोठी सवलत पती-पत्नीला मिळते. घटस्फोटानंतर ते नाते उरत नाही. पोटगीचेही तसेच आहे: एकरकमी पोटगी सामान्यतः भांडवली जमा मानली जाऊन तिच्यावर कर लागत नाही, दरमहा मिळणारी मात्र उत्पन्नात धरली जाते, आणि देणाऱ्याला दोन्हींपैकी कशाचीही वजावट मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि ठेवींवरील नामनिर्देशने वेगळे व्हायचे ठरल्याच्या आठवड्यातच तपासावीत.

भेटीला येताना तीन वर्षांचे बँक उतारे, कर्जाचे विवरण आणि घराचा करारनामा आणावा. दोघे एकत्र आल्यास आम्ही एकच हिशेब तयार करून दोघांना सारखी प्रत देतो. एकटे आल्यास ते काम तुमच्यापुरतेच राहील, आणि तुमच्या जोडीदाराचे विवरणपत्र आम्ही भरत असलो तरी त्यातील एकही आकडा तुम्हाला सांगणार नाही.