येनमधले कर्ज आणि मानशीचे दार

गोव्यात परदेशी पैशांतून झालेले पाण्याचे काम म्हटले की जपानी प्रकल्पच आठवतो. रस्ता खणलेला दिसला की लोक 'जायका' (JICA, कर्ज देणारी जपानी सरकारी संस्था) असे नाव घेऊन शिव्या घालत, इतके ते नाव रुळले. करार सप्टेंबर २००७चा, रक्कम सुमारे २,२८० कोटी येन. साळावली धरणाच्या रोज १६ कोटी लिटरच्या शुद्धीकरण केंद्राला आणखी १० कोटी लिटरची जोड मिळाली, शिवाय जलवाहिन्या, टाक्या आणि मलनिस्सारण. ज्या धरणाचे हे पाणी, त्याच्या पोटात कुर्डी गाव आहे. मे महिन्यात पाणी ओसरले की विस्थापित घराण्यांतली माणसे अजून तिथे जमतात.

याला 'मदत' म्हणावे का, हा वाद जुनाच. व्याज कमी आणि मुदत लांब असली तरी हे कर्ज आहे आणि ते येनमध्ये फेडायचे आहे. फेडायचा पैसा साहजिकच जिथे मीटर बसतो आणि बिल निघते तिथे जातो. मानशीला मीटर कुठे लावणार?

खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची सखल जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातले दार. भरती आली की पाण्याच्याच रेट्याने फळ्या मिटतात, ओहोटीला उघडतात. रात्री तिथे जाळे लावायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, जातो. पूर्वी त्या पैशांतून बांधाची डागडुजी होत असे. कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक झाले, ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून (गावाच्या सामूहिक जमिनीची जुनी संस्था) कुळांच्या संघटनांकडे गेल्यावर पावणीची बोली वाढली आणि बांधावरची चिखलमाती कमी झाली. मासळी मिळावी म्हणून भरतीलाही दार उघडे ठेवण्याचे प्रकार घडले. खेकड्याने पाडलेले भोक वेळेवर बुजवले नाही की एखाद्या उधाणात बांध जातो, खारे पाणी शेतात शिरते, आणि काठच्या विहिरीही मचूळ होतात. मग त्या वाड्यालाही साळावलीचा नळ हवा असतो.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. राज्यातले हे सुमारे १८ हजार हेक्टर खाजन पाणथळ की शेत? पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात मानवनिर्मित जागा आणि भातशेतीही बसते. देशाच्या २०१७च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेते वगळली, मीठ, मत्स्यपालन आणि सिंचनासाठी बांधलेल्या रचनाही वगळल्या. खाजनात तर भात, मीठ, मासळी तिन्ही एकाच बांधाआड! २०११च्या किनारी अधिसूचनेने खाजनात विकासकामांना मनाई केली, ते बरे झाले. पण मनाईने भगदाड बुजत नाही. शेत म्हणून कृषी खाते, बांध म्हणून मृदसंधारण, खारफुटी म्हणून वनखाते: फाईल फिरते तोवर दोन पावसाळे जातात.

कुडचड्याजवळचे ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातली पहिली रामसर पाणथळ ठरले. अभिनंदनाचे फलक लागले. या यादीत नाव आल्याने जबाबदारी येते, निधी आपोआप येत नाही. शिवाय तेही 'निव्वळ निसर्ग' नव्हेच. तिथेही पाणी अडवून ठेवतात आणि त्याच पाण्यावर खालच्या अंगाला भात पिकते.